पाण्याच्या टाकीमागे

रविवार, रात्री साडेदहा

कोणी सांगितलं नव्हतं. हे आधी लिहून ठेवते, कारण दुपारपासून मी मनातल्या मनात ते वेगळंच रंगवत चाललेय. जणू कुणीतरी "मॅडम, तुमची जरा बाजूला घेता का" म्हणालं. तसं कोणीही म्हणालं नाही. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून वर गेल्यावर टपरीशेजारच्या भिंतीला आमच्या सायकल ग्रुपमधले सगळे सायकली लावत होते, फोटोसाठी. मी माझी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. माझी मीच.

मग येऊन चहा घेतला. एक संपल्यावर लगेच दुसरा.

डॉक्टरांच्या नव्या सायकलीचा आज पहिला घाट. सहा महिने थांबले होते ते त्या रंगासाठी. सावलीत काळपट हिरवा दिसतो आणि उन्हात धरला की आतून तांबूस झाक मारतो. अल्टेग्रा डीआयटू, म्हणजे बटणावर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअर, 12 स्पीड, 50 मिलिमीटर खोल कार्बनची चाकं, 28 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. हँडलपाशी एक केबल दिसेल तर शपथ, ब्रेकच्या तेलाच्या नळ्यासुद्धा आतूनच नेलेल्या. "ऐका हं," म्हणाले आणि मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवत बटण दाबलं. झिर्र. बस, एवढाच आवाज, आणि चेन शेजारच्या दात्यांवर जाऊन बसलेली. आम्ही आठ-दहा जण श्वास धरून वाकलो होतो. "परत, परत," मीच म्हणाले.

मला ते मनापासून आवडलं. हेवा म्हणायचा तर त्या आवाजाचा वाटला. माझी उजवी गिअरची लिव्हर बोटं ओली असली की दोनदा ढकलावी लागते.

मग वजन बघणं. एकेक जण येतो, एक हात हँडलखाली, एक सीटखाली, उचलतो आणि भुवया वर करतो. पेडलसकट 7.4 किलो. शर्यतीतली सायकल 6.8 किलोच्या खाली चालत नाही, आंतरराष्ट्रीय संघटनेने 2000 सालापासून तसा नियमच केलाय. म्हणजे तूर द फ्रान्सच्या सायकलीत आणि आमच्या डॉक्टरांच्या सायकलीत फरक उरला साधारण 600 ग्रॅमचा. त्यांनी हे सांगितलं तेव्हा चेहरा असा उजळला होता की मलाच भरून आलं. एरवी ओपीडीतून थकून येणारा माणूस.

माझी 10.2 किलोची. कोणी उचलून बघितली नाही. बघणार कशी, टाकीमागे होती.

फोटोचं सगळं ग्रुपमधले काका लावून देतात. सायकल चेनच्या बाजूने दिसली पाहिजे. चेन पुढे मोठ्या चकतीवर, मागे लहान दात्यांवर, म्हणजे चेन सरकवणारा डिरेलर ताठ दिसतो. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, चेनस्टेच्या, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या रेषेत. दोन्ही चाकांचे वॉल्व्ह बरोबर खाली, सहाच्या आकड्यावर, आणि टायरवरचं नाव वॉल्व्हच्या समोर. सीटखालची सॅडलबॅग काढायची. बाटल्या एका जातीच्या हव्यात, नाहीतर नकोच. काका गुडघ्यावर बसून एकेक चाक बोटभर पुढेमागे करत होते, गौरीचे दागिने नीट बसवावेत तसं. हे सगळं मी पहिल्यांदा बघत नाही, आणि मला ते कधीच पोरकट वाटलेलं नाही. ज्या वस्तूवर बसून आपण पहाटे पाचला घराबाहेर पडतो, ती देखणी दिसावी असं वाटण्यात गैर काय?

मग मी का सरकवली?

किमतीमुळे, असं सासवडपर्यंत धरून चालले होते. माझी टियाग्रा, अल्टेग्राहून साधे, केबलवरचे गिअर, 10 स्पीड. ॲल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक. 2016 साली घेतली तेव्हा माझा महिन्याचा पगार तिच्याहून कमी होता. नव्या सायकलीसाठी बाजूला टाकलेले पैसे मागच्या वर्षी कशात गेले ते इथे परत लिहायचं नाही. त्याचं वाईट वाटतच नाही, असंही नाही. आज चढावर डॉक्टर नि ती नवीन मुलं पुढे निघून गेली, तेव्हा मी त्याचाच हिशोब करत होते, एकेक पेडलला एकेक हप्ता. इतकं कीव येण्यासारखं काही मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

पण किमतीचं म्हणावं तर याच सायकलीवर मी पहिली 200 किलोमीटरची बीआरएम केली, ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. साडेतेरा तासांची मुदत, मला लागले 12 तास 50 मिनिटं. त्या दिवशी शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का मारून घेतला आणि सायकल रस्त्याच्या मधोमध उभी करून फोटो काढला होता. वॉल्व्ह कुठेही, क्रँक कुठेही. तेव्हाही ती टियाग्राच होती. तेव्हाही शेजारी कार्बनच्या रांगा होत्या.

सासवडला बाया सीताफळं घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांनी घेतली. मी पिशवी विसरले होते, नाही घेतली.

दिवे घाट उतरताना मी मागे राहिले. ओला रस्ता, आणि माझे रिम ब्रेक पाण्यात पहिली दोन-तीन चक्रं नुसते पुसतात, मग पकडतात. एका वळणावर ब्रेक दाबला तर खरखर आवाज आला. खाली येऊन बघितलं तर पॅडमध्ये ॲल्युमिनियमचा बारीक चमकता कण रुतलेला, रिमला आडवा ओरखडा. तिथेच, कठड्याला टेकून उभी असताना, तिच्याकडे जरा नीट बघितलं. किती दिवसांनी कोण जाणे.

बार टेप पांढरी घेतली होती, आता तिला काय रंग म्हणायचा. उजवीकडचं टोक सुटलंय ते जूनपासून वायरिंगच्या काळ्या टेपने बांधून ठेवलंय. क्रँकच्या मागे चिखल सुकून त्याची पापुद्र्यासारखी खपली झालीय. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यातल्या, दोन चकत्यांमध्ये काळी वात भरलेली. यातलं काहीही पैशाने झालेलं नाही. एक जुनं फडकं आणि अर्धा तास मी तिला दिला नाही, जूनपासून. आणि तिला बाहेर नेत राहिले, दर रविवारी.

मला लाज वाटली होती ती ही. म्हणजे मला वाटतंय, हीच असावी. अजून पूर्ण खात्री नाही. ती कार्बनची असती आणि इतकीच मळलेली असती तर टाकीमागे नेली असती का? लिहिताना हात थांबतोय. बहुतेक नेली नसती. म्हणजे दोन्ही होतं.

संध्याकाळी तिला मागच्या गॅलरीत घेतलं. ह्याने विचारलं, "आत्ता? जेवायचं नाही?" म्हटलं, तुम्ही बसा. वाटीत रॉकेलऐवजी डिझेल घेतलं, बनियनच्या चिंध्या केल्या आणि चकत्यांच्या फटीत घालून दोन्ही टोकांनी ओढत बसले, एकेक फट. अकरा दात्यांची सगळ्यात लहान चकती निघाली तेव्हा खालून चंदेरी चमक आली.

त्या वासाने बाबा आठवले. खडकीच्या फॅक्टरीत जायची त्यांची काळी 24 इंची सायकल. तेव्हा पुण्यात पहाटेचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच. बाबा खंडेनवमीच्या आदल्या रात्री ती वाड्याच्या अंगणात उलटी करत, रॉकेलने चाकाचा हब धूत, त्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या मोजून ताटलीत काढत. मी टॉर्च धरायची. हलली की रागवायचे. दुसऱ्या दिवशी सायकल अंगणाच्या मधोमध, हँडलला झेंडूचा हार, सीटखाली हळदीकुंकू. सीट फाटलेली असायची, तिला आईने शिवलेलं कव्हर. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, "मागच्या हबच्या गोळ्या नव्या आहेत. डायनॅमो जर्मन आहे." आणि डायनॅमो टायरला लावून चाक फिरवायचे, भर दुपारी दिवा लागतो ते दाखवायला. बघणारे वाकून बघायचे.

आज टपरीवर आम्ही जसे वाकलो होतो तसेच.

बाबा मिरवत होते. हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं, मी त्याला पूजाच समजत होते. दोन्ही असेल. डॉक्टर तेच करत होते, काका गुडघ्यावर बसून तेच करत होते. मिरवायला बाबांकडे काय होतं, ताटलीभर गोळ्या आणि एक डायनॅमो, पण त्या गोळ्या त्यांनी स्वतः मोजलेल्या होत्या.

सायकल पुसून झाल्यावर भिंतीला लावली. क्रँक रेषेत घेतला. वॉल्व्ह खाली आणले, पुढचं चाक दोनदा सरकलं, दोनदा परत आणलं. सॅडलबॅग काढायला हात गेला आणि राहू दिली. तिच्यात ट्यूब आहे, टायर काढायच्या लिव्हर आहेत, बीआरएमच्या वेळचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं औषध आहे, ती बॅग तिचीच. फोटो काढला. ट्यूबलाइटचा उजेड रिमवर पडलाय आणि ओरखडा स्पष्ट दिसतोय. ग्रुपवर टाकला नाही. पुढच्या रविवारी तिला भिंतीला लावेन की नाही, ते आज लिहून काय उपयोग.

शेवटी चेनला तेल घालण्याआधी झीज मोजायचं गेज लावून बघितलं. 10 स्पीडला पाऊण टक्का झिजेपर्यंत चालतं. पाऊणचं टोक कुठेही न अडता सरळ आत पडलं. परत दुसऱ्या जागी लावलं, तिथेही पडलं. म्हणजे चेन कधीच संपली होती आणि मी तिच्यावर घाट चढत होते. लिव्हर दोनदा ढकलावी लागते त्यातलं थोडं या चेनचं असेल, थोडं केबलचं.

शनिवारी दुकानात जायचं. चेन, मागची केबल, ब्रेक पॅड, बार टेप. टेप पांढरीच.