अमावास्येला जमलेलं वॉफल

मंडळी, जमलं. अगदी पूर्ण नाही, पण दोन महिने मला छळणारा चोर सापडला. तो पिठात नव्हताच. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसला होता.

मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल: विजेच्या साच्यातून काढताना वॉफल (दोन गरम पाट्यांमध्ये भाजलेलं, खळग्याखळग्यांचं) कुरकुरीत, टेबलावर येईपर्यंत वातड. ताटात ठेवत नव्हतो, जाळीवरच ठेवत होतो. एकावर एक रचत नव्हतो. तरी तिसऱ्या मिनिटाला बोटानं दाबलं की ओल्या पुठ्ठ्यासारखं वाकायचं. मधूनच एखादा घाणा असा उतरायचा की सुरी लावली की कर्रकन आवाज. दोन्हीला पीठ तेच, माप तेच, हात तोच. मला वेड लागायची पाळी आली ती त्या मधल्या एखाद्या चांगल्या घाण्यामुळे. सगळेच बिघडले असते तर केव्हाच नाद सोडला असता.

मग जे सगळे करतात तेच केलं, पीठ बदलत बसलो. कॉर्नफ्लोअर वाढवलं. दूध कमी करून पाणी घातलं. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटला. सोडावॉटरही ओतून पाहिलं, त्यानं पीठ हलकं झालं, बाकी फरक शून्य. आई म्हणाली, कडकडीत मोहन घाल, शंकरपाळ्यांना घालतो तसं. घातलं. वॉफल खुसखुशीत झालं, कुरकुरीत नाही. आता कोणी म्हणेल दोन्ही एकच. नाही हो! खुसखुशीत म्हणजे तोंडात विरघळून भुगा होणारं, कुरकुरीत म्हणजे आधी दाताला उत्तर देणारं. मोहन पहिलं देतं. मला दुसरं हवं होतं.

एक दिवस तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्याचा काही संबंध असेल का, यावर रात्री साडेअकरापर्यंत वाचत बसलो होतो. संबंध नाही. झोप गेली ती गेली.

आणि मग ती अमावास्या.

आमचं घर बेळगावातल्या शहापुरात, विजेवर चालणाऱ्या मागांच्या गल्लीत. दिवसभर खटक-खटक चालू असते, आम्हाला ती आता ऐकूही येत नाही. त्या दिवशी दुपारी चारला साचा तापवला, पीठ आदल्या रात्रीचंच उरलेलं, म्हणजे खरं तर थोडं उतरलेलं. चार वॉफल काढली. चारही कडक. दहा मिनिटांनी कडक, वीस मिनिटांनीही कडक. आई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "अजून ते जाळीचं धिरडंच करूलास?" आणि एक तुकडा मोडून घेतला. मोडताना आवाज आला तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसरा तुकडा न विचारता घेतला.

मी दोन वॉफल घेऊन शेजारच्या मागवाल्या मामांकडे गेलो. मामा अंगणात निवांत बसलेले. म्हटलं, "मामा, आज कसं काय निवांत?" ते म्हणाले, "आज आवस हाय की. माग बंद." मी वॉफल हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. गल्लीभर शांतता होती, आणि ती मला पहिल्यांदाच ऐकू आली.

धावत घरी येऊन मल्टिमीटर लावला: २२६ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी माग सुरू, दुपारी चारला: १९४. संध्याकाळी साडेसातला, घराघरांत दिवे-टीव्ही लागल्यावर: १८८. पहाटे साडेपाचला परत २२५. माझे ते अधूनमधून जमणारे घाणे कोणते होते ते वहीत पाहिलं. सगळे सकाळी लवकरचे. वहीत वेळ लिहिलेली होती, पण त्या रकान्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. पिठाचे ग्रॅम मात्र दशांशापर्यंत.

आता हिशेब बघा. माझा साचा ७५० वॅटचा. (खोक्यावर ठळक अक्षरांत १००० छापलंय, तळाच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ७५०. कुठून घेतला ते सांगत नाही, पण तुम्ही घेताना आधी उलटा करून पट्टी वाचा.) तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ठरलेल्या २३०चे १८८ झाले म्हणजे व्होल्टेज १८ टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती जवळजवळ ३३ टक्क्यांनी. ७५०चे ५०० वॅट. प्लगमध्ये लावायच्या मीटरनं ४९८ दाखवलं तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

पण साचा तापल्याचा हिरवा दिवा तर लागतो ना, असं वाटेल. मलाही तेच वाटत होतं. दिवा लागतोच, फक्त उशिरा. रिकामा साचा शेवटी त्याच तापमानाला पोचतो, पाचऐवजी नऊ मिनिटांनी. खरी परीक्षा पीठ ओतल्यावर. १२० ग्रॅम थंड पीठ पडलं की पाट्या एकदम निवतात, आणि तिथून वर यायला जोर लागतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल लागतात. चांगल्या वॉफलमधून माझ्याकडे २८ ग्रॅम पाणी जातं, म्हणजे नुसत्या वाफेलाच ६३ हजार ज्यूल. ५०० वॅटवर एवढ्यालाच दोन मिनिटांहून जास्त, आणि त्याआधी सगळं पीठ तापवायचं ते वेगळं, साच्याच्या अंगातून बाहेर जाणारी उष्णता आणखी वेगळी. मी मात्र घड्याळ लावून चार मिनिटांनी झाकण उघडत होतो.

वजनकाट्यावर उत्तर सरळ दिसतं. पहाटेचं वॉफल: १२० आत, ९२ बाहेर. संध्याकाळचं: १२० आत, १०१ बाहेर. रंग जवळपास सारखा! कारण मी साखर ३० ग्रॅमवर नेली होती, साखरेमुळे वरून तांबूस पटकन येतं आणि आत पाणी तसंच. ते नऊ ग्रॅम जास्तीचं पाणी जाळीवर ठेवल्यावर आतून वर येतं आणि कुरकुरीत पापुद्रा मऊ करून टाकतं. बाहेरच्या पावसाळी हवेनं सादळतंय असं मी समजत होतो. तीन मिनिटांत कुठे काही सादळतं का? पापडसुद्धा जास्त वेळ टिकतो.

तेव्हा पहिला बदल: रंगावर विश्वास बंद. साखर १५ ग्रॅमवर आणली. आता खूण एकच, कडेनं येणारी वाफ. आधी भसाभसा येते, मग धाग्यासारखी, मग जवळजवळ थांबते. थांबल्यावरही अर्धं मिनिट थांबायचं. संध्याकाळी यालाच साडेसहा मिनिटं लागली, आणि वॉफल सुकलं खरं, पण कडा चिवट झाल्या. मंद आचेवर घावन रेंगाळतं तेव्हा जाळी न पडता कातडं होतं, तसंच.

दुसरा बदल: संध्याकाळी १२०ऐवजी ९० ग्रॅमच ओततो. खळगे पूर्ण भरत नाहीत, कडा दंतुर येतात, फोटो चांगला येत नाही. खायला चांगलं.

तिसरा मात्र मला स्वतःला फार आवडला. पापड भाजायची जाळी. बिडाचा तवा मंद गॅसवर पाच मिनिटं तापू द्यायचा, त्यावर एक वाटी उपडी, वाटीवर जाळी, जाळीवर वॉफल. दीड मिनिट एक बाजू, दीड मिनिट दुसरी. खालून कोरडी गरम हवा येते, ज्वाला थेट लागत नाही. संध्याकाळचं १०१ ग्रॅमचं वॉफल यावर ९४पर्यंत उतरलं आणि पंधरा मिनिटं कडक राहिलं. ओव्हन असलेल्यांनी १०० अंशांवर रॅकवर ठेवावं, तेच काम होतं. माझ्याकडे ओव्हन नाही आणि त्या व्होल्टेजवर तो कसा वागेल ते आता मला माहीत आहे.

सध्याचं पीठ, विचाराल म्हणून: मैदा १४०, तांदळाचं पीठ ४०, कॉर्नफ्लोअर २०, साखर १५, मीठ ४, इन्स्टंट यीस्ट दीड ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून २८० (निम्मं-निम्मं), एक अंडं, तूप ६०. रात्री भिजवायचं, अंडं आणि पातळ केलेलं तूप सकाळी. लोणी नको, तूपच. विकतच्या लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि पाण्याशीच तर आपलं भांडण चाललंय. शिवाय तुपानं घरभर जो वास सुटतो त्याला तोड नाही. पीठ इडलीपेक्षा सैल, घावनापेक्षा घट्ट. तांदळाचं पीठ चाळणीनं चाळून घ्या, रवाळ राहिलं तर दाताखाली वाळू लागते.

यीस्टबद्दल एक तक्रार. खडे बाजारातल्या एका दुकानातून सुटं घेतलं होतं, बारा तासांनी पिठाला एक बुडबुडा नाही. दुकानदार म्हणतो थंडी आहे. थंडी कसली, कोमट पाण्यात साखर घालून ठेवलं तरी हूं की चूं नाही. तेव्हापासून बंद पाकीटच घेतो आणि उघडल्यावर फ्रीजरमध्ये. आणि साच्याला लावायचा तो तेलाचा स्प्रे अजिबात नको. त्यातल्या लेसिथिनचा चिकट पिवळा थर बसतो, मी टूथब्रश घेऊन दोन रविवार घालवलेत. तुपाचा ब्रश पुरे.

आता पुढचं. ही नोंद लिहायला बसलो तेव्हा ठरवून बसलो होतो की १२०० वॅटचा मोठा साचा मागवायचा. वरचा हिशेब लिहिता लिहिताच तो बेत ढासळला. जास्त वॅट म्हणजे जास्त करंट, आमच्या घरातल्या जुन्या वायरिंगवर व्होल्टेज आणखी खाली बसणार. स्टॅबिलायझर घ्यावा तर तो साच्यापेक्षा महाग. मग वाटलं, विजेचा नादच कशाला? गॅसवरचा बिडाचा साचा का नको? वॉफलचे साचे आधी आगीवरचेच होते. अमेरिकेतल्या ट्रॉयच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउटनं चुलीवर ठेवून उलटायच्या साच्याचं पेटंट १८६९ साली घेतलं होतं. आणि आपण राहतो कुठे? उद्यमबाग, म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, सायकलवर वीस मिनिटांवर! देशभरातल्या पंपांची, इंजिनांची ओतीव कामं जिथून जातात तिथे मला दोन पाट्या ओतून मिळू नयेत?

काल गेलोच. मामांचा भाचा एका फाउंड्रीत आहे, त्यानं सुपरवायझरशी गाठ घालून दिली. मी वहीत काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "हे कसल्या मशीनचं पार्ट?" नाश्त्याचं म्हटल्यावर आधी हसले, मग गंभीरपणे बोलू लागले. खळग्यांच्या भिंती सरळ उभ्या चालणार नाहीत, उतार द्यावा लागेल, नाहीतर पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, वाळूतून काढताना वाळू तुटते. हे ऐकून मला हसू आलं, कारण उतार नसेल तर वॉफलही साच्यातून तसंच तुटतं. दोघांची गरज एकच.

वजनाचा प्रश्न आहे. १८ सेंटिमीटर चौकोनी पाटी, सरासरी जाडी १२ मिलिमीटर, बिडाची घनता ७.२ धरली तर एक पाटी २.८ किलो. जोडी साडेपाच किलोच्या वर, ती दर दोन मिनिटांनी मनगटावर उलटायची. ॲल्युमिनियममध्ये तीच जोडी दोन किलोच्या आसपास, तापते लवकर, पण निवतेही लवकर, आणि निवण्याचा त्रास तर नुकताच भोगलाय. माझा कल बिडाकडे. आईचा तवा तीस वर्षांचा आहे, त्याला काही झालेलं नाही.

खडीसाखरेचा प्रयोग फसला, तोही नोंदवून ठेवतो. बेल्जियममधल्या लिएजच्या वॉफलला लागणारी पर्ल शुगर, म्हणजे साखरेचे जाड पांढरे दाणे, इथे मिळत नाही म्हणून खडीसाखर ठेचून घातली. तीन मिनिटांत ती वितळत नाही, दात मात्र हलतो. पुढच्या वेळी साखरेचे चौकोनी तुकडे फोडून बघतो. ब्रसेल्सचं सैल पिठाचं वॉफल १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मॉरिस व्हर्मर्श यांनी विकलं ते 'बेल-जेम' नावानं, कारण ब्रसेल्स कुठे आहे ते तिकडच्या लोकांना कळेना. बेल-जेम! बेळगावचं बेळगावी २०१४ साली झालं, त्याच्या पन्नास वर्षं आधी आपलं जवळपास नाव तिकडे वॉफलवर लागून गेलं होतं. आपला बेळगावचा कुंदा, दूध आटवून केलेला, लावून खाल्लं की जोडी पूर्ण होते. फक्त कुंदा अगदी शेवटी, ताटात आल्यावर. आधी लावलात तर मला दोष देऊ नका.

पॅटर्नवाल्याला मंगळवारी माप द्यायचंय. खळग्याची खोली १६ मिलिमीटर ठेवू की १८, एवढंच अडलंय. खोल केलं तर कडा जास्त, कुरकुर जास्त, पण उतार दिला की तळ अरुंद होतो आणि तिथे पीठ अडकेल असं वाटतं. ज्यांच्याकडे जुना ओतीव साचा असेल त्यांनी पट्टी लावून मोजून सांगा. उतारही सांगितलात तर बरं.