टिंबवाल्या नोट्स

बारावी बायोलॉजी शिकवते, नारायण पेठेत दोन खोल्यांचा क्लास आहे, खाली वाहनांचा आवाज आणि वर मी. पेपर तपासायची सवय एवढी झालीये की कुठला पेपर कुणाचा ते नाव झाकलं तरी सांगेन. पण या जानेवारीत जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतेय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रिलिमचे गठ्ठे घेऊन बसले होते. ३८ पेपर, ७० मार्कांचा, बोर्डाच्या पॅटर्नप्रमाणेच काढलेला. शेवटच्या सेक्शनमध्ये ४ मार्कांचे पाच प्रश्न, त्यातले कुठलेही तीन. त्यात एक डीएनए रेप्लिकेशनचा, म्हणजे एका डीएनएचे दोन कसे होतात त्याचा, आकृतीसह. पोरांचा लाडका प्रश्न, कारण आकृती काढली की पान भरतं आणि पान भरलं की जिवाला बरं वाटतं.

सातवा-आठवा पेपर असेल, आकृतीत एक चूक दिसली. फोर्क, म्हणजे दोन साखळ्या उघडत जातात ती जागा, बरोबर, दोन्ही टेम्प्लेट, म्हणजे जुन्या साखळ्या, बरोबर, ओकाझाकी फ्रॅगमेंट्स, म्हणजे नवीन साखळीचे तुकडे, ते पण आहेत, पण नवीन तयार होणाऱ्या दोन्ही स्ट्रँडचे, म्हणजे साखळ्यांचे, बाण फोर्कच्याच दिशेनं. असं होऊच शकत नाही. डीएनएच्या दोन साखळ्या उलटसुलट दिशांना असतात आणि पॉलिमरेज हे एन्झाइम नवीन साखळी फाइव्ह प्राइम टोकाकडून थ्री प्राइम टोकाकडेच बांधतं, म्हणजे एका बाजूचा बाण फोर्ककडे आणि दुसऱ्या बाजूच्या तुकड्यांचे बाण फोर्कपासून लांब. तेच तर त्या प्रश्नाचं मर्म आहे, नाहीतर तुकडे पडतातच कशाला? असो, २ मार्क कापले आणि पुढे गेले.

पुढच्याच पेपरात तीच चूक. मग अजून एक. चुका सारख्या होतात, त्यात काय नवीन नाही, पण चौथ्या वेळी माझं लक्ष भलतीकडेच गेलं. फोर्कच्या जरा वर, डावीकडे, एक गोल टिंब. छोटं, भरीव, पेन्सिलनं नीट गिरवलेलं. मागचे तीन पेपर परत काढले. तिन्हीत टिंब, त्याच जागी!

टिंबवाले ११ पेपर निघाले. ११ जणांची तीच बाणाची चूक आणि तेच टिंब. दोघांनी तर त्याला रेघ काढून नावही दिलं होतं, एकानं हेलिकेज आणि एकीनं टोपोआयसोमरेज, दोन्ही रेप्लिकेशनमधली एन्झाइम्स, पण वेगवेगळी. मी चहा बाजूला ठेवला. म्हटलं झालं, माझ्या क्लासात सामुदायिक कॉपी, आणि मी दारात खुर्ची टाकून बसले होते तरी!

संध्याकाळी त्या अकरांना थांबवून घेतलं. डोकं तापलेलं होतं पण आधी नुसतं विचारलं, हे टिंब कशाचं आहे? हेलिकेजवाला म्हणाला हेलिकेज. टोपोआयसोमरेजवाली त्याच्याकडे बघायला लागली. एक म्हणाला प्रायमर असेल. एक जण अगदी प्रामाणिक निघाला, म्हणाला, "माहीत नाही मॅडम, आकृतीत होतं म्हणून काढलं." कुठल्या आकृतीत? तर सगळे एकदम, "नोट्समध्ये".

आणि मग बॅगांमधून बाहेर आल्या त्या स्पायरल बाइंडिंगवाल्या झेरॉक्स. सगळ्यांकडे त्याच. पहिलं पान कापलेलं, नाव नाही, झेरॉक्सची झेरॉक्स त्याचीही झेरॉक्स, काही पानं इतकी पुसट की पोरांनी अक्षरं वरून पेननं गिरवली होती. पण अक्षर सुंदर, गोल, प्रत्येक शीर्षकाखाली दोन रेघा. रेप्लिकेशनच्या पानावर ती आकृती, तेच दोन चुकीचे बाण आणि ते काळं टिंब. कॉपी नव्हती तर. ११ जणांनी घरी बसून एकच चूक स्वतंत्रपणे पाठ केली होती, आणि मला कळेना की यानं हायसं वाटावं का अजून वाईट.

त्यातली एक मुलगी, हिला मी ताई म्हणते कारण सगळ्यांना सांभाळून घेते, तिला ७० पैकी ३४ होते आणि डोळे भरून आले होते. "मॅडम मी हे सात वेळा वाचलंय." खोटं बोलत नव्हती, तिच्या झेरॉक्सवर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या हायलायटरचे थरच्या थर होते, न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. मी तिला सांगितलं, तुमच्या सोसायटीत एक काका असतात बघ, रोज लिफ्टमध्ये भेटतात, हसतात, आपण पण हसतो, दहा वर्षं, आणि एक दिवस कुणी विचारलं यांचं नाव काय तर आपल्याला येत नाही. सात वेळा वाचलेल्या नोट्सचं तसंच आहे. चेहरा ओळखीचा होतो म्हणून वाटतं येतंय. ती हसली, पण रडत रडत.

मग सगळ्यांना कोरा कागद दिला. वह्या बंद, झेरॉक्स माझ्या टेबलावर, दहा मिनिटं, रेप्लिकेशन काढा. दहाच का, तर तीन तास म्हणजे १८० मिनिटं आणि मार्क ७०, मार्काला अडीच मिनिटं धरली तर ४ मार्कांच्या प्रश्नाला तेवढीच मिळतात, आणि पोरं बरोबर तिथेच वीस मिनिटं घालवून बसतात, मग दोन मार्कांचे प्रश्न घाईत उरकतात. १२ पैकी ८ लिहायचे असतात ते प्रश्न, तिथे १६ मार्क नुसते पडलेले असतात उचलायला, दोन मुद्दे लिहिले की झालं. पण नाही, आमच्याकडे निबंध. आणि एमसीक्यूला पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा, पहिलंच उत्तर धरतात, खोडून दुसरं लिहू नका, हे वर्षभर घसा फोडून सांगितलं तरी पाच-सहा जण करतातच. असो, विषय सुटला.

दहा मिनिटांनी कागद गोळा केले. अकरांपैकी नऊ जणांनी परत टिंब काढलं होतं. मी समोर उभी, टिंबावरूनच सगळं चाललंय, तरी हात तिथे गेला! मला खरंच हसू आलं, मग ते पण हसायला लागले.

जो पोरगा मागच्या बाकावर नुसताच थांबला होता मित्राची वाट बघत, त्याच्या पेपरात टिंब नव्हतं. याच्या नोट्स म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे, अक्षर असं की मलाही लागत नाही. त्याला म्हटलं ये, फळ्यावर काढ आणि यांना सांग तुकडे का पडतात. तो म्हणाला, "मॅडम, पॉलिमरेज म्हणजे लक्ष्मी रोडवरची गाडी, वन-वे. एका बाजूला फोर्क उघडत जातो तसं गाडी मागोमाग सरळ जाते. दुसऱ्या बाजूला रस्त्याची दिशाच उलटी, मग थोडा रस्ता मोकळा झाला की पुढे जाऊन तिथून मागं यायचं, परत पुढं जायचं, परत मागं. म्हणून तुकडे. नंतर लायगेज येऊन सगळं जोडतं." मी म्हटलं म्हणजे नो एंट्रीत न घुसणारा पुण्यातला एकमेव ड्रायव्हर. वर्ग फुटला. पण बाण कुठल्या दिशेला ते त्यानंतर कुणी चुकलं नाही.

मी त्याला अजून एक विचारलं, मेसेल्सन आणि स्टाल, १९५८ चा प्रयोग, नव्या डीएनएत एक साखळी जुनी राहते हे दाखवणारा. जड नायट्रोजनमध्ये वाढवलेले ई. कोलाय बॅक्टेरिया साध्या नायट्रोजनमध्ये टाकले, पहिल्या पिढीत सगळे डीएनए मधल्या वजनाचे, दुसऱ्या पिढीत अर्धे मधले अर्धे हलके, हे सगळ्यांना तोंडपाठ. तिसऱ्या पिढीत काय? टिंबवाले सगळे गप्प, कारण नोट्समध्ये दुसऱ्या पिढीपर्यंतच होतं. यानं बोटं मोजली, एका रेणूचे आठ होणार, जुन्या दोन साखळ्या कुठे जाणार नाहीत, म्हणजे दोन मधले आणि सहा हलके. पाव आणि पाऊण. पाठ केलेलं नव्हतं, तिथल्या तिथे काढलं त्यानं.

पण खरी गंमत अजून बाकी होती. गंमत म्हणजे माझी फजिती.

ते गोल अक्षर मला कुठेतरी बघितल्यासारखं वाटत होतं. रात्री जेवताना आठवलं. तीन बॅचपूर्वीची मुलगी, आता बीएएमएसला आहे. फोन केला, म्हटलं तुझी बारावीची वही आहे का गं? म्हणे आहे ना मॅडम, आईनं जपून ठेवलीये. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हावरून घेऊनच आली. पान उघडलं. टिंब तपकिरी.

"हा चहा आहे मॅडम," ती म्हणाली. "तुम्हीच मागवला होता, खालच्या अमृततुल्यमधून, एक्स्ट्रा लेक्चरला."

झेरॉक्समध्ये तपकिरी डागाचं काळं टिंब झालं, पहिल्या प्रतीत जरा पसरट असेल, पुढच्या प्रतीत गोल, पोरांनी पेन्सिलनं नीटस केलं, आणि तीन वर्षांत चहाच्या थेंबाचं टोपोआयसोमरेज झालं. आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. मग माझी नजर त्या पानावरच्या बाणांवर गेली. तिच्या मूळ वहीतही दोन्ही बाण फोर्ककडेच. म्हणजे झेरॉक्सची चूक नव्हती ती. आणि ही मुलगी फळ्यावर असेल ते जसंच्या तसं उतरवायची, स्वतःचं एक अक्षर घालायची नाही.

तारीख बघितली. गणपतीच्या आदल्या दिवशीची.

तो दिवस मला आठवला. खाली मूर्ती न्यायची गर्दी, ढोलताशांचा दणका, पोरांना रस्ते तुंबायच्या आत घरी पोचायचं होतं, माझ्या स्वतःच्या घरी मखर अर्धं. शेवटच्या पाच मिनिटांत मी ती आकृती काढली, फोर्क, साखळ्या, सटासट दोन बाण. गणपतीनंतर क्लास सुरू झाला तेव्हा एका मुलानं विचारलं, मॅडम हा बाण असा कसा, आणि मी फळ्यावर दुरुस्त केला, माफ करा रे म्हटलं, सगळ्यांनी वहीत खोडून नीट केलं. सगळ्यांनी म्हणजे जे हजर होते त्यांनी. ही कोकणात गेली होती गणपतीला, आठवडाभर आली नाही.

म्हणजे ११ पोरांचे २-२ मार्क मी कापले, माझ्याच चुकीसाठी. लाल पेननं, वर 'बेसिक चूक!' असा शेरा मारून.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं सगळं. लपवण्यात अर्थ नव्हता, ती मुलगी वही घेऊन तिथेच बसली होती. हेलिकेजवाला लगेच म्हणाला, मॅडम मग मार्क द्या आमचे. दिले नाहीत. बोर्डाचा तपासनीस काय म्हणणार, तुमच्या मॅडमला घाई होती म्हणून सोडून देतो? बालभारतीच्या पुस्तकात आकृती बरोबर छापलेली आहे, पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहे, अकरांपैकी एकानंही उघडून ताडून बघितलं नाही. हे मी बोलले खरी, पण आवाज जरा पडलेलाच होता. मागून कॅलेंडरवाला म्हणाला, "म्यूटेशन झालं मॅडम, प्रूफरीडिंग फेल गेलं." पॉलिमरेज चुकीचा बेस, म्हणजे साखळीतला चुकीचा मणी, लागला तर मागे येऊन काढून टाकतं, त्याबद्दल बोलत होता. एवढा चपखल जोक मला वर्षभरात सुचला नव्हता.

मग त्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. त्यानं खालच्या ड्रॉवरमधून मास्टर कॉपी काढली, फाइलवर स्केचपेननं लिहिलेलं, 'बारावी बायो, टिंबवाली'. म्हणाला, जोरात चालते मॅडम ही, बाहेरच्या क्लासची पोरं पण येतात, नाव माहीत नसतं, टिंबवाली द्या म्हणतात. मी काउंटरवरच ते पान बाहेर काढलं, खाली एक बाण खोडून उलटा केला, लायगेजचं नाव लिहिलं, तिसऱ्या पिढीची ओळ समासात घातली. मग व्हाइटनर मागितलं.

"टिंब राहू द्या की मॅडम," तो म्हणाला. "त्याशिवाय पोरं ओळखणार कशी?"

व्हाइटनर हातात घेऊन मी जरा वेळ उभी राहिले. मागे दोन मुलं रांगेत होती, त्यातला एक घाईत होता. टिंबाला एक रेघ ओढली आणि पुढे नाव लिहिलं, 'चहा'.