नागीण गेली, ठणका राहिला

नागीण बरी होऊन वर्ष होत आलं पण बरगडीखालची आग काही जात नाही, आज तर नुसता कुर्ता घासला तरी करंट बसत होता. प्रीगाबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, चालू आहेच, त्याने डोकं जड होतं, झोप येते, पण ठणका थांबत नाही म्हणून ट्रामाडॉल जोडलंय. ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी वेदनाशामक गोळी, २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात आलीय, त्यामुळे मेडिकलवाला चिठ्ठी बघतो, रजिस्टरमध्ये नाव लिहितो आणि वर असा बघतो की जणू मीच गर्दुल्ली 😅

आज डॉक्टरांना सरळ विचारलं, मला याची चटक लागेल का हो? म्हणाले शरीराला सवय होणं वेगळं, व्यसन वेगळं, फक्त मनाने एकदम बंद करू नका, घाम, अस्वस्थपणा, जुलाब सगळं सुरू होतं, डोस हळूहळू उतरवू. पटलं. तरी रात्री गोळी दुखतंय म्हणून हवीय की नुसतीच हवीय हे स्वतःला विचारत बसते, आणि आई म्हणते अगं घे की, सहन कशाला करतेस, तिला काय सांगणार! पाकीट सध्या नवऱ्याकडे ठेवायला दिलंय.

लिडोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच पण लिहून दिलाय, महाग आहे जरा. कुणी लावलाय का? रात्री झोप लागते का तेवढं सांगा.