दीड इंच आणि १.५० इंच

माझ्या सायकलला विटकरी रंगाचे टायर हवे होते. हौस एवढीशीच. ती पुरी व्हायला जो वेळ लागला त्यातला फार थोडा रंग निवडण्यात गेला. बाकीचा सगळा गेला तो एका ऑनलाइन दुकानाच्या कस्टमर केअरला १.५० आणि १½ हे वेगळे असतात हे पटवण्यात. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

सायकल साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, गडद हिरवी. पार्ल्याहून जुहूला सकाळची फेरी, अधूनमधून बाजार, कधी सांताक्रूझला बहिणीकडे. शर्यती नाहीत, घाट नाहीत. जुन्या टायरांची नक्षी अजून शाबूत होती, पण कडांना चिरा पडल्या होत्या. आमच्या सोसायटीत सायकलला जी जागा मिळते तिथे दुपारभर ऊन असतं, आणि उन्हात उभं राहून रबर तडकतंच. नाहीतरी बदलायचेच आहेत, तर रंगीत घेऊ, असं ठरवलं. घरातून "या वयात?" असा एक प्रश्न आला. त्याला उत्तर दिलं नाही.

रंगाचं आधी सांगते, कारण तो भाग सोपा आहे. टायर काळा असतो तो काजळीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे. रबराचा मूळचा रंग फिका, आणि सुरुवातीच्या काळातले टायरही फिकेच असायचे. काजळी घातली की रबर कमी झिजतं आणि उन्हातले अतिनील किरण तीच शोषून घेते. संपूर्ण रंगीत टायरमध्ये ती घालता येत नाही, मग सिलिका वापरतात. चांगल्या कंपनीचा सिलिकावाला टायर ओल्या रस्त्यावर छान पकड धरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्वस्त रंगीत टायरात नुसती खडूची किंवा मातीची भर असली तर तो लवकर झिजतो. म्हणून दोन पर्याय उरतात: पूर्ण रंगीत, किंवा रस्त्याला टेकणारा पट्टा काळा आणि फक्त कडा रंगीत. मला तेव्हा पूर्ण रंगीतच हवा होता. क्रीम रंग बाद केला, कारण मेट्रोच्या खोदकामाचा चिखल एकदा उडाला की तो क्रीम राहत नाही. शिवाय माझे ब्रेक रिमवर घासणारे आहेत. त्यांची काळी भुकटी कडेवर बसते आणि फिक्या रंगावर लगेच दिसते. निळा हिरव्या सायकलवर नको वाटला. उरला विटकरी.

आता नंबर. जुन्या टायरच्या कडेवर लिहिलं होतं ७००×३८सी, शेजारी २८×१.५०, आणि त्याच्याही शेजारी बारीक अक्षरांत ४०-६२२. यातलं शेवटचं तेवढं खरं. ४० म्हणजे टायरची रुंदी आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बाकीचे आकडे जुन्या पद्धतींचे अवशेष आहेत. २८ इंच म्हणजे ७११ मिलिमीटर, आणि माझ्या टायरात कुठलंच माप ७११ भरत नाही.

आणि गंमत अशी, की २८×१½ नावाचा आणखी एक टायर असतो. पाववाल्याची, इडलीवाल्या अण्णांची, डबेवाल्यांची ती उंच काळी सायकल असते ना, तिचा. त्याचा नंबर ४०-६३५. गणितात दीड आणि १.५० एकच. टायरात नाही. अपूर्णांकात लिहिलेला आणि दशांशात लिहिलेला टायर एकमेकांच्या जागी चालत नाही, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. ६३५ आणि ६२२ मध्ये १३ मिलिमीटरचा फरक. मोठा टायर लहान रिमवर चढतो अगदी सहज, पण हवा भरली की निसटतो.

हे सगळं मी ऑर्डर करण्याआधी वाचलं होतं. ॲपवरच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: ७००×३८सी, हायब्रिडसाठी, विटकरी, जोडी. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. (हे कराच. विक्रेते पान नंतर बदलतात.) पार्सल आलं. रंग अगदी हवा तसा. कडेवर वाचलं: २८×१½, ४०-६३५.

इथून पुढे माझा संताप.

परत करायच्या फॉर्ममध्ये कारणं दिलेली होती: वस्तू तुटकी आहे, वस्तू वेगळी आहे, वस्तू आवडली नाही. "माप जाहिरातीप्रमाणे नाही" हे कारणच नव्हतं. "वस्तू वेगळी आहे" निवडलं. फोटो एकच जोडता येत होता, म्हणून कडेवरच्या नंबराचा जोडला. दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचा मुलगा नम्र होता, मराठीत बोलत होता.

"मॅडम, तुम्ही अठ्ठावीस इंची मागवला होता, अठ्ठावीस इंचीच आलाय."

मी म्हटलं, मी सातशे बाय अडतीस सी मागवला होता.

"तेच ते, मॅडम. सातशे म्हणजे अठ्ठावीस. आणि एक पॉइंट पाच म्हणजे दीड."

मी त्याला ६२२ आणि ६३५ समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण मॅडम, चाळीस नंबर तर तुमच्या जुन्या टायरवरही आहे आणि नव्यावरही. मग तर दोन्ही सारखेच झाले ना?" या युक्तिवादाला क्षणभर मला दाद द्यावीशी वाटली. चाळीस खरोखरच दोन्हीवर होतं.

शेवटी पिकअप मंजूर झाला. मला वाटलं सुटले.

पिकअपला जो मुलगा आला त्याच्या फोनवर विक्रेत्याचा फोटो होता आणि खाली प्रश्न. रंग जुळतो का? ब्रँड जुळतो का? नगांची संख्या बरोबर आहे का? वापरलेला आहे का? मापाचा प्रश्न नाही. त्याने टायर उजेडात धरला, फोटो बघितला, परत टायर बघितला.

"काकू, फोटोत पण हाच आहे."

रंग हाच आहे, नंबर बघ, मी म्हटलं.

"नंबर मला विचारलेला नाही, काकू. तुम्ही वस्तू वेगळी आहे असं लिहिलंय. ही वेगळी नाही. वेगळी नसेल तर मला उचलता येत नाही."

त्याची चूक नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्याला फोनने जे विचारलं तेच तो बघणार. तो गेला, आणि जिने उतरून झाले नसतील तोवर मेसेज आला: "ग्राहकाने वस्तू देण्यास नकार दिल्यामुळे विनंती रद्द करण्यात आली आहे." मी दोन्ही टायर हातात घेऊन दारात उभी होते आणि नकार माझ्या नावावर जमा झाला होता.

पुन्हा विनंती केली. पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून ७०० आणि २८. चॅटवर तर आणखी वाईट, तिथे आधी यंत्र बोलतं आणि "मला समजलं नाही" म्हणत तीच तीन कारणं पुढे करतं. एकीने मला सुचवलं की टायर घट्ट बसत नसेल तर हवा जास्त भरून बघा. हा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. एकाने अर्धे पैसे परत देऊन टायर ठेवून घ्या म्हटलं. अर्ध्या किमतीत मी डबेवाल्याच्या सायकलचे टायर घेऊन काय करणार होते?

मग मी दोन गोष्टी केल्या, आणि तुमच्यावर वेळ आली तर थेट इथूनच सुरुवात करा. पुढचं चाक काढलं, जुना टायर उतरवला आणि नवा रिमवर हातानेच चढवून व्हिडिओ काढला. हवा न भरता, रस्त्यावर न नेता, लेबल न काढता. टायर रिमवर सैल बांगडीसारखा लोंबत होता. मग जुन्या आणि नव्या टायरचे नंबर शेजारी शेजारी धरून दाखवले. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचाही नव्हता, पण तो बघितल्यावर दीड आणि एक पॉइंट पाच एकच असं म्हणायला जागा राहत नाही.

दुसरं म्हणजे ॲपच्या अगदी तळाशी जाऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क दाखवणं प्रत्येक ऑनलाइन बाजाराला बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. त्याच नियमांत असंही आहे की वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. मी मेलमध्ये रंगाचा उल्लेखच केला नाही. स्क्रीनशॉट, व्हिडिओ, "मागवलं ६२२, आलं ६३५", नियमाचं वर्ष, आणि शेवटी "अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन." बस. पोच वेळेत आली. पुढचा पिकअपवाला आला तेव्हा त्याच्या फोनवर प्रश्नच नव्हते, नुसतं "उचला" होतं. पैसे पूर्ण परत आले. इतकं सोपं होतं तर आधीची ती सगळी माणसं कशाला बसवली आहेत, हे मला कुणीतरी सांगावं.

टायर मग काळबादेवीला घेतले. पार्ल्याच्या आमच्या पंक्चरवाल्या काकांनीच तिकडे जायला सांगितलं होतं, मीच ऑनलाइनच्या नादात टाळत होते. मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावावरून चालत गेलं की काळबादेवी रोडवर सायकलींची दुकानं लागतात. दुकानदाराला जुन्या टायरचा फोटो दाखवला. त्याने रंग नंतर विचारला. आधी टायर फिरवून अंगठ्याने नंबर शोधला आणि मोठ्याने वाचला, "चाळीस-सहाशे बावीस." त्या माणसाला मी तिथेच मनातल्या मनात शंभर मार्क देऊन टाकले.

पूर्ण विटकरी त्याच्याकडे ६२२ मध्ये नव्हता. तपकिरी कडा आणि काळा पट्टा असलेला होता. "पावसात चालवणार ना? मग हाच घ्या," म्हणाला. घेतला. हिरव्यावर तपकिरी कडा विटकरीपेक्षा जास्त शोभतात, हे मी घरी कबूल केलेलं नाही. येताना दुपारची वेळ होती म्हणून दोन्ही टायर खांद्यात अडकवून लेडीज डब्यात आरामात बसून आले. गर्दीच्या वेळी हे धाडस करू नका.

आठवेल तसं आणखी थोडं. टायरच्या कडेवर बाण असतो, चाक फिरण्याची दिशा दाखवणारा. तो बघून चढवा, नाहीतर पुन्हा उतरवा. मडगार्ड असेल तर जुन्यापेक्षा रुंद टायर घेताना आधी मोकळी जागा मोजा. २९ इंची एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा टायरही ६२२ चाच असतो, त्यामुळे तो रिमवर बसेल, पण फ्रेमच्या फटीतून जाईलच असं नाही. ट्यूब त्याच वेळी बदलून घ्या, आणि व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघा. कारच्या टायरला असतो तसा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, बारीक प्रेस्टा असेल तर अडॅप्टर लागतो. हवा किती ते कडेवर लिहिलेलं असतं. मी पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय (हवेचा दाब याच एककात मोजतात) ठेवते, खड्ड्यांना ते बरं पडतं.

रंगीत कडांना गॅरेजमधलं टायर पॉलिश लावू द्यायचं नाही, आणि साफ करायला डिझेल किंवा रॉकेल तर नाहीच, रबर खराब होतं. भांड्याच्या साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पॉलिश उडून रिमला लागलं तर ब्रेकही लागत नाहीत.