कागदाच्या तळ्यातली चिलापी

मी मत्स्यबीज विकतो. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, शेततळ्यांवर पोचवायची, हा धंदा. करमाळ्याकडच्या एका डाळिंबवाल्यानं अशीच बोटुकली मागवली होती. पिशव्या सोडण्याआधी मी एकदा जाळं टाकून बघतोच. मालक कुरकुरला, "गेल्या पावसाळ्यात भरलेलं तळं हाय. काय गावणार त्यात? उगं कागद फाटंल."

त्याचं चूक नव्हतं. चहूबाजूंनी उंच बांध, खाली प्लास्टिकचा कागद, ओढ्याचा थेंब आत येत नव्हता. मातीच्या तळ्यात पावसाळ्यात मरळ, मागूर ओल्या गवतातून सरपटत येतात. हवेतून श्वास घेता येत असल्यानं त्यांना ते जमतं. इथं हा बांध चढून कोण येणार?

जाळं चिलापीनं, म्हणजे तिलापिया माशानं, भरून वर आलं.

बांधावर बसलेले तात्या लगेच म्हणाले, "बगळ्याच्या पायाला अंडी चिकटत्यात." हे मला प्रत्येक तळ्यावर ऐकायला मिळतं. पायाचा पुरावा संशोधकांना मिळालेला नाही, पोटाचा मात्र आहे. हंगेरीत बदकांना कार्प माशांची ८,००० अंडी खाऊ घातली होती. विष्ठेतून १८ अंडी शाबूत बाहेर पडली आणि त्यातून ३ पिल्लं निघाली. हे २०२० साली छापून आलंय. म्हणून तात्यांना मी हसलो नाही. पण चिलापीचं प्रकरण निराळं. जाळ्यातली एक मादी उचलली, तर तिच्या तोंडातून पिवळी अंडी माझ्या तळहातावर सांडली. ती अंडी तोंडातच उबवते, पिल्लंही सुरुवातीला तोंडातच सांभाळते. बगळ्याच्या पायाला लागणार कधी?

"पाणी कुठनं घेता?"

"उजनीच्या फुगवट्यातनं. पाइपलाइन हाय की."

मग मोटरीकडे गेलो. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो, त्याची जाळी एका बाजूनं पार फाटलेली, हाताचं बोट सहज आत जाईल एवढी. उजनीत चिलापीला काय तोटा! नखाएवढी पिल्लं पाण्याबरोबर खेचली जातात. मोटरीच्या पंख्यात बरीच मरत असतील, पण थोडी वाचली तरी पुरे. तीन-चार महिन्यांत तीच विणीला येतात.

जाळ्यात एक नारिंगी गोल्डफिशही होता. तो काही उजनीचा नव्हे. मालकाच्या सूनबाई हसायला लागल्या: दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्यानं घरच्या काचेच्या टाकीतला आणून सोडलेला!

मालकाला म्हटलं, आता बोटुकली टाकू नका. खाद्य चिलापी खाईल आणि रोहू तसाच बारीक राहील. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोहाची पेंड टाका, हजार लिटरला पाव किलो. चिलापी मरते आणि पुढे पेंडीचं खतही होतं. पण आधी जाळी बदला, नाहीतर पुन्हा हेच.

"आन् ह्या चिलापीचं काय करू?"

"खा की. उजनीच्या चिलापीला हॉटेलवाले पैसे मोजतात."

पिशव्या तशाच गाडीत होत्या. त्यांतला ऑक्सिजन संपायच्या आत दुसरं तळं शोधायचं होतं, म्हणून चहाला थांबलो नाही.