अण्णांच्या पायाचा कागद

चार वर्षांपूर्वी कोल्हापुरातून सासऱ्यांसाठी आणलेली चप्पल पहिल्याच पावसात फुगली. तळाचे थर सुटले आणि मधून पुठ्ठा निघाला, मिठाईच्या खोक्याला असतो तसला. चामड्याची चप्पल पावसात घालू नये हे खरं, पण ती चामड्याची असती तर ना! अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तो पुठ्ठा उन्हात वाळवला, चौकोनी कापला आणि लोखंडी कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. अजून तिथेच आहे. केर काढताना रोज दिसतो.

चूक माझीच होती. देवीचं दर्शन झालं होतं, बस सुटायला वीस मिनिटं होती, त्यातली बारा मी चप्पल घेण्यात घालवली. दुकानदाराने सातशे सांगितले, मी साडेपाचशेवर आणले आणि गड जिंकल्यासारखी बसमध्ये येऊन बसले.

या फेब्रुवारीत चुलत नणंदेच्या मुलाचं लग्न कोल्हापुरातच होतं. लग्न रविवारचं, मी गुरुवारी सकाळीच महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन उतरले. मदतीला म्हणून लवकर आले असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण पर्समध्ये होतं: कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलने काढलेले अण्णांचे दोन्ही पाय. यावेळी चप्पल मापाची करून घ्यायची, बाकीची खरेदी तिच्या मागेपुढे.

"मी येतो तुझ्यासंगं," वन्सं म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी जेवलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते, आता कानाला गोड लागतं.

भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंनी हाका येतात. मी चार-पाच दुकानं फिरले. यावेळी किंमत विचारायची नाही, आधी चप्पल हातात घेऊन उलटी करायची, एवढं ठरवून गेले होते. तळाची कड बघायची. खऱ्या चप्पलेत चामड्याचे थर एकावर एक दिसतात आणि ते चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळा नाही. कड काळ्या रंगाने जाड माखलेली असेल तर आत काय आहे ते देवालाच ठाऊक. मग नाकाशी धरायची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला एक तुरट, लाकडी वास येतो. रेक्झिनला नव्या रिक्षेच्या सीटचा येतो. माझं हे हुंगणं बघून एका दुकानातला पोरगा हसायला लागला, पण गल्ल्यावरच्या गृहस्थांनी सरळ सांगितलं, "ताई, आमच्याकडं तयार माल. काय हातचा, काय मशिनचा. मापाची पायजे तर सुभाषनगरला जावा."

सुभाषनगर म्हणजे कारागिरांची वस्ती. वन्संच्या ओळखीतून एक घर सापडलं. पुढच्या खोलीतच काम चाललेलं. एका घमेल्यात चामडं भिजत घातलेलं, मधोमध दगड, त्यावर एक वयस्कर गृहस्थ तळ ठोकत होते. शेजारी चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, पायाच्या आकाराचे दोन-तीन लाकडी फर्मे. दाराशी उजेडात बसून त्यांच्या सूनबाई वेणी विणत होत्या, म्हणजे चप्पलेच्या पट्ट्यावरून जाते ती चामड्याची बारीक वेणी. बोलताना बघत आमच्याकडे होत्या आणि बोटं आपली आपण चाललेली.

मी मोठ्या ऐटीत कागद पुढे केला.

"पाय कुनाचं?" त्या गृहस्थांनी, म्हणजे मामांनी विचारलं.

"सासऱ्यांचे. अठ्ठ्याहत्तर वय."

"कागद कवा काढला?"

"सकाळी. चहाच्या आधी."

मामांनी कागद बाजूला ठेवला. "म्हाताऱ्या मानसाचा पाय सांजंला फुगतोय. आनि ह्याच्यावर नुसती लांबी-रुंदी. पायाची पाठ किती वर हाय ते कुठं दिसतंय?"

झालं. मग व्हिडिओ कॉल. अण्णा डोंबिवलीत वाटाणे सोलत बसले होते. त्यांना "पाय दाखवा" म्हटल्यावर आधी त्यांचा चेहरा दिसला, मग पंखा, मग बराच वेळ वाटाण्याची टरफलं आणि शेवटी डावा पाय. मामांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "अण्णा, अंगठ्याशेजारचं बोट वर चढलंय न्हवं?" तिकडून उत्तर आलं, "हो तर. त्यावर ट्रंक पडली होती, ८२ साली." आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला हे बोट माहीत नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. कापशी पायजे का साधी? कापशी म्हणजे मोठ्या कानांची, कागल तालुक्यातल्या कापशीवरून नाव पडलेली. कान म्हणजे तळाला धरून दोन्ही बाजूंनी वर येणाऱ्या पाकळ्या, पट्टा त्यांच्यातूनच जातो. अंगठा बंद का उघडा? रंग देऊ का तसाच ठेवू? (तसाच ठेवा. तेल पिऊन चप्पल आपोआप गडद होते.) टाच केवढी? आणि आवाज? हे मला नवीन होतं. चालताना करकर वाजायला हवी असेल तर तळाच्या थरांमध्ये एक वाळकं बी घालतात, त्याला विंचू म्हणतात. अण्णांनी फोनवरूनच फर्मावलं, "वाजली पाहिजे."

भाव सव्वीसशे. सवयीने तोंडातून गेलंच, "पाचशे कमी करा की मामा." ते अजिबात चिडले नाहीत. "करतो की. येनी बारीक घालतो, तळातला एक थर काढतो. त्याच्या जागी काय घालू, सांगा." सूनबाई खाली मान घालून हसल्या. मला कपाटाखालचा पुठ्ठा आठवला. सव्वीसशे ठरले, हजार रुपये आगाऊ दिले. "परवा दुपारनं या."

भिंतीवर भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे जीआय टॅगचं, एक छापील पत्रक चिकटवलेलं होतं. कोल्हापुरी चप्पलेला ते २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये असल्याच चपला दाखवल्या आणि आरडाओरडा झाल्यावर त्यांचं मूळ मान्य केलं, तो विषय मी काढून बघितला. मामा तळ ठोकता ठोकता म्हणाले, "फोटो बघितला म्या. शिलाई काय जवळनं दावत न्हाईत." विषय संपला.

आता दीड दिवस हातात होता. शुक्रवारी सकाळी लक्ष्मीपुरी. तिथे मी "कांदा-लसूण मसाला आहे का" असं विचारलं आणि दुकानदाराच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक बाहेरचं आहे. तिकडे त्याला चटणी म्हणतात. नुसती चटणी. आपण ज्याला चटणी म्हणतो त्याचं काय करता, असं वन्संना विचारलं तर त्या म्हणाल्या, "खातो."

तयार चटणी घ्यायची नाही यावर वन्सं ठाम होत्या. नवी मिरची नुकती बाजारात आलेली. रंगाला ब्याडगी, चवीला आणि तिखटाला संकेश्वरी, आणि ज्यांना सोसेल त्यांनी मूठभर लवंगी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल. हातात दाबली की कुरकुर मोडली पाहिजे. लवचिक लागली तर ओल आहे, वजनाला तुम्ही पाण्याचे पैसे देताय. वन्सं देठ हिरवट आहेत का बघत होत्या, मी शिंकत होते. एक किलो ब्याडगी, अर्धा संकेश्वरी. लवंगीला मी हात जोडले. धणे, तीळ, सुकं खोबरं, खडा मसाला हे दुसऱ्या दुकानातून, कारण तिथलं खोबरं खवट नसतं असं वन्संचं मत, आणि त्या घरात वन्संच्या मतावर अपील नाही.

दुपारी लग्नघरच्या गडबडीतच मागच्या अंगणात कांदा तळला, लसूण सोलला, मिरच्या थोड्या तेलावर परतल्या. संध्याकाळी डब्बे घेऊन डंकावर. आमच्याकडे कांडप म्हणतात ते हेच. लोखंडी मुसळं धाड धाड पडत असतात, आणि आत पाऊल टाकलं की घसा धरतो. डंकावरच्या बाई तोंडाला पदर लावून निवांत पाखडत होत्या. कोरडं आधी कुटायचं, कांदा-लसूण शेवटी घालायचा, नाहीतर सगळ्याचा गोळा होतो. त्यांनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. "मीठ बघा." मीठ कसलं, मला पुढची दहा मिनिटं जीभ आहे की नाही तेच कळत नव्हतं.

तोच घसा घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि पेल्यात फेस आलेलं कोमट दूध हातात देतात. कच्चं दूध पोटाला मानवेल की नाही हा विचार मी ते पिऊन झाल्यावर केला. मानवलं.

शनिवारी सकाळी गूळ. शाहू मार्केट यार्डात सकाळचे सौदे संपत आले होते. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, थप्प्या लावून ठेवलेले, मोठे तीस किलोचे, दहाचे, खाली एक किलोचे पिटुकले. वास असा की उपाशी माणसाचंही पोट भरावं. सौद्यात आपल्यासारख्या किरकोळीला वाव नाही, म्हणून बाजूच्याच एका अडत्याकडे गेलो. मी पिवळ्याधमक रव्याकडे बोट दाखवलं. लहानपणापासून चांगला गूळ म्हणजे पिवळा गूळ हेच डोक्यात. अडत्याने चाकूने दोन काप काढले, एक पिवळ्याचा, एक तपकिरी रव्याचा. "वहिनी, दोन्ही खावा, मग बोला."

पिवळा गोड होता, आणि शेवटी जिभेच्या मागे किंचित खारट. तपकिरी आधी उसाच्या रसासारखा, मग काकवीसारखा, तोंडात विरघळताना मऊ. पिवळा रंग पुष्कळदा हायड्रॉस नावाच्या रासायनिक पावडरीने येतो, त्यांनी स्वतःच सांगितलं. उसाचा रस काहिलीत उकळताना वरची मळी काढायची तर रानभेंडीचा रस घालून निघते, पण त्याने गूळ एवढा उजळ होत नाही. "मग पिवळा विकता का?" मी विचारलं. "गिऱ्हाईक मागतंय. आत्ता तुमीच मागितला न्हवं?" याला काय उत्तर देणार. पाच किलो तपकिरी घेतला. कोल्हापुरी गुळाला मानांकन २०१४ पासून आहे, पण रव्यावर ते कुठे लिहिलेलं नसतं. जीभ लावल्याशिवाय इलाज नाही.

येताना आजऱ्याचा घनसाळ घेतला. बारीक, आखूड, कच्चा असतानाच वास येणारा तांदूळ. नवा की जुना हे विचारून घ्या. नवा असेल तर पाणी कमी. तीन किलोच घेतला, कारण एव्हाना माझी पिशवी गुरगुरायला लागली होती. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गळ्यातला कोल्हापुरी साज बघितला. एकवीस पानांचा, प्रत्येक पान वेगळं. दाखवणाऱ्याने वजन सांगितलं, मी त्या दिवशीचा सोन्याचा भाव मनात गुणला आणि पाणी पिऊन बाहेर आले.

एक कबुली द्यायला हवी. राजारामपुरीत एक छानसं बुटीक लागलं. एसी, मंद दिवे, कोल्हापुरीवर खणाचे पट्टे, आरसे, गोंडे, आतून मऊ गादी, खाली रबरी तळ. दोन दिवसांच्या शिक्षणाने मी एवढी शेफारले होते की उचलून हुंगलीच. पण लेकीला फोटो पाठवला तर तीन सेकंदांत उत्तर: "आई हीच, अडतीस नंबर." चौदाशे रुपये. ती लोकल पकडायला धावते, स्टेशनवरच्या ओल्या जिन्यांवरून उतरते. मामांची चप्पल तिच्या पायात आठवडाभर टिकली नसती, की तिचा पाय मामांच्या चप्पलेत, ते मी ठरवू शकले नाही. घेतली.

दुपारी सुभाषनगर. चप्पल तयार होती, जोडी एकमेकांवर उलटी ठेवून सुतळीने बांधलेली. मी कड बघितली, थर मोजले. मामा बघत होते, काही बोलले नाहीत. मग पुन्हा व्हिडिओ कॉल, पुन्हा पंखा, पुन्हा पाय, कारण संध्याकाळचा पाय बघितल्यावर डावी सैल करतो असं मामांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. चार वाजून गेले होते, पाय फुगलेला होता. डाव्या अंगठ्यात ओला फर्मा ठोकून त्यांनी ती अर्धा तास ताणत ठेवली. तोवर चहा झाला. निघताना सूनबाईंनी बजावलं, "पैले आठ दिस तासभरच घालायची. रातीला तेलाचं बोट फिरवायचं, खोबरेल न्हाईतर एरंडेल. आनि पान्यात न्हाई."

सोमवारी रात्री परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी झोपायच्या आधी दोनदा विचारलं की मटण कोणाकडे आहे. मी चटणीचा डबा आणखी एका पिशवीत घातला आणि गप्प पडून राहिले.

आता रोज चार ते पाच अण्णा पॅसेजमध्ये फेऱ्या घालतात. करकर, करकर, वळले की एक क्षण थांबते, पुन्हा करकर. डावी अजून जरा चावते असं म्हणतात, पण काढत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मंगळवारी येऊन विचारलं, तुमच्याकडे सुतारकाम काढलंय का?