एका हाताने

एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण भांडण मिटवताना म्हणतो. म्हणजे दोघांनाही सारखंच दोषी ठरवून मोकळं व्हायचं असतं तेव्हा. त्या म्हणीचा सरळ अर्थ मला कळला तो एका कलादालनात. खोलीच्या मधोमध एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन पितळी मुठी. मी एक धरली. काही नाही. तसाच हात ठेवून दुसरी गाठायला गेले तर हात पुरेना. टेबलाची लांबी बेतणारा पक्का असणार. मशीन बंद पडलंय असं समजून मी निघणार, तोच मागून एक काकू आल्या. पर्स काखेत, चष्मा डोक्यावर. "बिघडलंय का गं?" असं विचारत त्यांनी दुसरी मूठ धरली. तरीही शांतता. कोपऱ्यात स्टुलावर बसलेला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "एकमेकींचा हात धरा."

आम्ही दोघी ओशाळून हसलो. काकूंनी एकच बोट पुढे करून माझ्या मनगटाला टेकवलं, आणि टेबलाखालून तंबोऱ्याची खालची तार छेडावी तसा सूर उमटला. बोट उचललं, सूर गेला. मग त्यांनी अख्खा तळवा धरला तर आवाज केवढा तरी घुमला. गंमत फार अवघड नव्हती: मुठींतून अगदी क्षीण प्रवाह सोडलेला असतो, आमच्या अंगांतून त्याचं वर्तुळ पूर्ण झालं की सूर. माझ्या हातांना जरा संकोच वाटला की घाम फुटतो. मी ते पुसायला लागले तर स्टुलावरचा मुलगा म्हणाला, "असू द्या, ओला हात जास्त चांगला वाजतो." माझ्या घामट तळव्यांचं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं.

अशा प्रकाराला मांडणशिल्प म्हणतात, त्यातही माणूस आल्याशिवाय पुरं न होणारं. हे खूळ आजचं नाही. मायरन क्रूगर नावाच्या अमेरिकन कलावंतानं १९७०च्या दशकात वेगवेगळ्या खोल्यांतल्या माणसांच्या प्रतिमा कॅमेऱ्यानं एकाच पडद्यावर आणल्या. पडद्यावर नुसती सावली सावलीला लागली तरी माणसं दचकून हात मागे घेत, असं त्याच्या लक्षात आलं. अंगाला काही लागलेलं नाही, तरी लाज मात्र खरी!

पण मला सगळ्यात आवडतो तो १९८० सालच्या नोव्हेंबरमधला उद्योग. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या दोन कलावंतांनी न्यूयॉर्कमधल्या लिंकन सेंटरची एक खिडकी आणि लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या दुकानाची खिडकी उपग्रहानं जोडली. तीनच संध्याकाळी. ना पाटी, ना जाहिरात. रस्त्यानं जाणाऱ्याला अचानक हजारो किलोमीटरवरची माणसं पूर्ण उंचीची, समोर उभी दिसत, बोलत. पहिल्या दिवशी लोक नुसते चक्रावले. मग गावभर बातमी पसरली आणि शेवटच्या संध्याकाळी दुरावलेली नातलग मंडळी वेळ ठरवून दोन्हीकडे जमली. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते: तिथे स्वतःची छबी दिसायची सोय नव्हती. समोरचाच तेवढा दिसे. आज व्हिडिओ कॉलवर मी आईशी बोलते तेव्हा निम्मा वेळ कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचेच केस बघत असते. (आईसुद्धा तेच करते, तिची नजर माझ्याकडे नसते हे कळतं ना.)

म्हणूनच हल्ली ज्या झगमगत्या खोल्या निघाल्यात, जिथे भिंतीवर फुलं उमलतात आणि सगळे पाठ करून सेल्फी काढतात, त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. दिसायला सुंदरच, पण तिथे शेजारच्याचं काम एकच, चौकटीतून बाजूला होणं. याउलट माँट्रियलमधले २०११चे एकवीस झोपाळे. प्रत्येक झोपाळा हलला की सूर देतो, पण काही सुरावटी अनेकांचे झोके जुळल्याशिवाय उमटतच नाहीत. शेजारचा हलत नसेल तर तुमचंच नुकसान. मग बोलावंच लागतं.

अर्थात निमित्त दिलं म्हणून माणूस गोडच वागेल असं नाही. मे २०२४मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कमध्ये एकमेकांना दाखवणारे मोठे गोल पडदे रस्त्यावर उभे केले. बहुतेकांनी हात हलवले, नाच केले. काहींनी नको ते दाखवलं. आठवड्याच्या आत ते काही दिवस बंद ठेवायची पाळी आली. पुढे कुणी फार जवळ आलं की चित्र धूसर होईल अशी तजवीज केली. दोन्हीकडे काचच. त्या टेबलाशी वेडंवाकडं वागायचं तर समोरच्याचा हात आपल्या हातात असतो, जरा जड जातं.

आमच्या टेबलाशी तोवर एक शाळकरी मुलगा घुसला होता. एक हात मला, एक काकूंना. सूर पातळ झाला, पण तुटला नाही. तो गुदगुल्या करून बघत होता, गुदगुल्यांनी सूर थरथरतो का ते. थरथरतो. काकू एवढ्या हसल्या की त्यांचा डोक्यावरचा चष्मा घसरला; तो सावरायला त्यांनी हात सोडला आणि खोली एकदम गप्प झाली. आम्ही तिघं उगाचच हात पुसत बाजूला झालो. नावंबिवं कुणी विचारली नाहीत.

निघताना जिन्यात काकू पुन्हा भेटल्या. दोघींना काय बोलावं सुचेना. मी फोन काढला, त्यांनी पर्स उघडून काहीतरी शोधायला घेतलं. चार पायऱ्या तशाच उतरलो. मग त्यांनी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला, माझा हात आधीच त्यावर होता, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या मनगटाला टेकवून क्षणभर कान दिला.

"हा नाही वाजत," त्या म्हणाल्या.